थंड पाण्यातला घास

उजव्या हाताला कंप सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, सही करताना त्रास होतो का, कप धरताना चहा सांडतो का? दोन्ही थोडं थोडं होत होतं. मला मात्र घोर लागला तो चिमट्याचा. अर्धवट उघडलेला शिंपला लांब चिमट्यात धरायचा आणि प्रवाहाच्या कडेला पाण्यात स्थिर ठेवायचा, हे काम मी योकोहामातल्या घरात कितीतरी वर्षं रोज संध्याकाळी करत आलो. माझ्या टाकीतला गेनरोकुदाई प्रवाहानं हलणारा शिंपला घेतो. हातानं हलला तर मागे सरतो आणि मग त्या संध्याकाळी पुढे येत नाही.

गेनरोकुदाई म्हणजे रोआ मोडेस्टा. सिबोल्डनं जपानहून पाठवलेल्या माशांमधून टेमिंक आणि श्लेगेल यांनी 1844 मध्ये त्याची नोंद केली. तो फुलपाखरी माशांपैकीच, पण प्रवाळातल्या भावंडांसारखा भडक नाही. अंग चांदीसारखं फिकट, त्यावर मोहरीच्या रंगाचे दोन रुंद पट्टे, डोळ्यावरून जाणारा एक अरुंद पट्टा आणि पाठीच्या परावर पांढऱ्या कडेचा काळा ठिपका. बस्स. घरी आलेला पाहुणा आधी शेजारच्या टाकीतल्या युझेन नावाच्या फुलपाखरी माशापाशी थांबतो, कारण काळ्या अंगावरची ती पांढरी जाळी आणि परांची पिवळी किनार कुणालाही थांबवते. त्याची किंमत ऐकली की आणखी थांबतो. एखादाच युझेनला ओलांडून गेनरोकुदाईपाशी जातो आणि 'हा किती वर्षं आहे तुमच्याकडे?' असं विचारतो. त्या एका प्रश्नासाठी मी ही टाकी ठेवली, असं म्हटलं तरी खोटं होणार नाही. ज्याला सगळे पाळू शकतात तो मासा मला कधीच नको होता.

चिलर, क्षार, गाळणी यांबद्दल लिहीत नाही. ज्यांना करायचंय त्यांना ते ठाऊक असतं. टाकी ॲक्रिलिकची घ्या एवढंच सांगेन, काच जुलैच्या दमट हवेत दिवसभर घाम गाळते आणि आतलं काही दिसत नाही. माझी अडचण वेगळी आहे आणि ती अजून सुटलेली नाही. हा मासा थंड पाण्यात टिकतो, पण नवा आलेला मासा थंड पाण्यात खात नाही.

अठरा-एकोणीस अंशांवर पाण्यात प्राणवायू भरपूर असतो, श्वास संथ असतो, खोलातून वर आणताना बसलेला मार भरून यायला वेळ मिळतो. पण भूकही संथ होते. आल्यापासून उपाशी असलेला मासा दगडाच्या आडोशाला उभा राहतो आणि घास समोरून वाहत जातो. पाणी एकवीस-बावीसवर नेलं की दोन दिवसांत टोचायला लागतो. मग वाटतं, सुटलं कोडं. पण त्याच पाण्यात पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवीही झपाट्यानं वाढतो. तांब्याचं औषध घातलं तर नुकती लागलेली भूक जाते. पाणी परत थंड करावं तर परजीवीचं चक्र मंदावतं, मरत नाही, म्हणून विलगीकरण लांबतं. विलगीकरण लांबलं की उपास लांबतो. भूक, रोग आणि तापमान या तिघांमधली वाट प्रत्येक माशागणिक वेगळी निघते. मी वह्या भरून आकडे लिहिले, आलेख काढले, एका माशाला जमलेलं दुसऱ्याला लागू पडलं नाही. आजही नवा मासा आला की पहिले काही दिवस मला नीट झोप लागत नाही.

'खातो' हा शब्द दुकानात फार स्वस्त झालाय. मासा टोचला की म्हणे खातो. खाणं कसं असतं ते सांगतो. आधी तो तिरका होतो आणि एका डोळ्यानं शिंपला बघतो. पाठीचे काटे अर्धवट उभे असतात. मग टोकदार तोंड पुढे येतं, मांसाची कड धरतो, झटका देतो आणि वीतभर मागे जातो. तुकडा आत जातो, बाहेर येतो, परत आत जातो. इथवर काहीच ठरलेलं नसतं. मी कल्ल्यांकडे बघतो. कल्ल्यांतून बारीक कण बाहेर उडाले तर चावलंय. आणि चावल्यावर दुसऱ्या घासाला तो आपणहून परत आला, तरच तो खातो. पहिला घास कुतूहलाचा असू शकतो. गोठवलेल्या मायसिस कोळंबीवर तो बहुधा पहिल्या घासालाच थांबतो. ताज्या आसारीवर, म्हणजे आपल्याकडच्या तिसऱ्यांच्या इथल्या भावंडावर, दुसऱ्याला येतो. शिंपला पूर्ण उघडू नये. फट ठेवावी, कारण मांस उकरून काढायला मिळालं की त्याला चेव चढतो.

हात थरथरायला लागल्यावर हे काम निशिकासाईहून येणाऱ्या एका मराठी मुलीकडे गेलं. कॉलेजात शिकते, मला काका म्हणते, रविवारी येता येता बाजारातून आसारी घेऊन येते. तिनं पहिल्यांदा चिमटा धरला आणि मासा सरळ पुढे आला. दुसऱ्या घासाला आला, तिसऱ्याला आला. मला आनंद व्हायला हवा होता. मला झाला तो मत्सर. तो फक्त माझ्या हातून खातो, असं मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो होतो आणि माझा त्यावर विश्वास होता.

इतर दिवशी मी आता शिंपला दगडाच्या खाचेत ठेवतो. पण मग कोणी किती खाल्लं ते कळत नाही, आणि ते न कळणं मला सहन होत नाही. मुलगी एकदा म्हणाली, "काका, घास कशाला मोजता? मान बघा की." मान बघायला मीच तिला शिकवलं होतं. डोळ्याच्या मागे, पाठीचा पर जिथे सुरू होतो तिथलं मांस. उपाशी माशाचं ते आधी उतरतं, पोट नंतर खपाटीला जातं. समोरून बघितलं तर कपाळापासूनची रेघ धारदार दिसते. भरलेल्या माशाची तीच रेघ गोल असते. चिमटा होता तोवर मी घासांवर भरवसा ठेवला. आता रोज सकाळी दिवा लावायच्या आधी, बॅटरी तिरकी धरून, समोरून मान बघतो.

लोक हल्ली मासा आणल्या दिवशीचा फोटो दाखवतात. वर्षानंतरचा दाखवत नाहीत. मला ते खटकतं, आणि त्याहून जास्त खटकतात ते कीटोडॉन ट्रायफॅशियालिस घरी नेणारे. जवळजवळ फक्त ॲक्रोपोरा प्रवाळाच्या पॉलिपांवर जगणारा तो मासा. त्याला काचेत ठेवणं म्हणजे त्याचा उपास विकत घेणं. त्यापेक्षा शरद ऋतूत मिउराच्या किनाऱ्यावर जाळं घेऊन फिरणारी पोरं बरी. कुरोशियो प्रवाहाबरोबर उष्ण समुद्रातली फुलपाखरी पिल्लं उन्हाळ्यात सागामी उपसागरात वाहून येतात आणि हिवाळ्यात पाणी गार झालं की मरतात. ती उचलण्यात कुणाचं नुकसान नाही. ऑगस्ट 2017 मध्ये कुरोशियोनं मोठं वळण घेतलं ते 2025 पर्यंत टिकलं, आणि त्या काळात या भागाच्या किनाऱ्याला उबदार पाणी लागत राहिलं. ज्या समुद्राच्या थंडीची मी घरात नक्कल करतो, तो समुद्रच ऊन होतोय, हे मला कोणत्याही तोट्यापेक्षा जास्त लागतं.

गेनरोकुदाईचा एक सख्खा भाऊ आपल्या अरबी समुद्रात आहे. रोआ जयकरी. तांबड्या समुद्रापासून भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत, खोल पाण्यात तो राहतो. तेच सोनेरी-तपकिरी पट्टे, तोच काळा ठिपका. 1939 मध्ये नॉर्मननं त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं आत्माराम जयकरांचं. मुंबईचे हे डॉक्टर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मस्कतला सर्जन होते आणि तिथले प्राणी गोळा करून लंडनच्या संग्रहालयाला पाठवत. ओमानचा ताहर, एक मांडूळ, एक समुद्रघोडा, सगळ्यांच्या शास्त्रीय नावात ते आहेत. आमच्या छंदातल्या माणसांना युझेनची किंमत येनपर्यंत पाठ असते, जयकरांचं नाव माहीत नसतं.

जयकरी मी जिवंत पाहिलेला नाही आणि आता पाळणारही नाही. पण रत्नागिरी, मालवण, ससून डॉकवर खोल पाण्यातली जाळी उतरतात. चांदीच्या अंगावर दोन सोनेरी-तपकिरी पट्टे आणि पाठीच्या परावर काळा ठिपका असलेला, हाताच्या पंजात मावणारा मासा दिसला, तर त्याला घरी टाकीत नेऊ नका. किती वाव पाण्यातून आला, कुठल्या महिन्यात आला, एवढं तांडेलाला विचारा, फोटो काढा आणि तो तुमच्या जवळच्या मत्स्य महाविद्यालयात नेऊन द्या.