तिळा तिळा दार उघड

दुसऱ्या खात्याच्या सर्व्हरवरून नोंदी मागविणारा, कमांड लाइनवर चालणारा एक लहानसा प्रोग्राम आमच्या कार्यालयात वापरात होता. एके दिवशी सर्व्हर ४०१ असे उत्तर देऊ लागला. म्हणजे, आधी ओळख सांगा. प्रोग्रामला बेसिक ऑथेंटिकेशनची जोड देणे प्राप्त झाले.

काम मोजक्या ओळींचे. नाव, अपूर्णविराम आणि पासवर्ड जोडून ते बेस६४ मध्ये लिहावयाचे आणि प्रत्येक विनंतीच्या शीर्षात धाडावयाचे. बेस६४ हे कुलूप नव्हे. मोडीतले पत्र मोडी जाणणाऱ्याला वाचता यावे, तसा तो प्रकार. त्यामुळे एचटीटीपीएसवाचून ही पद्धत वापरू नये. ती सांगणाऱ्या आरएफसी ७६१७ (२०१५) मध्ये उदाहरण गमतीचे आहे: नाव अल्लादीनचे आणि पासवर्ड 'तिळा तिळा दार उघड'. (इकडे उत्तरेत 'खुल जा सिमसिम'.) मंत्र खरे तर अलिबाबाच्या गोष्टीतला. आणि अलिबाबाला तो कोणी दिला नव्हता. झाडावर लपून त्याने ऐकला होता!

कमांडमध्येच पासवर्ड टंकला तर हे झाड आपणच लावतो. 'पीएस' या आज्ञेने त्याच यंत्रावरील इतरांना तो दिसू शकतो, शेलच्या इतिहासातही उरतो. म्हणून कमांडमध्ये केवळ नाव घ्यावे, पासवर्ड नंतर विचारावा व टंकताना तो पडद्यावर उमटू नये, असा आग्रह मी धरला. रात्री आपोआप चालणाऱ्या कामासाठी निराळे, केवळ वाचनाचा अधिकार असलेले खाते. त्याचा पासवर्ड ६०० परवानगीच्या फाइलमध्ये.

खरा वाद पुढे झाला. "साहेब, शिक्का एकच असतो, तसा पासवर्डही कार्यालयाचा एकच ठेवू," असे मुख्य लिपिक म्हणाले. सूचना सोयीची होती, पण मला ती मान्य नव्हती. फाइलवर शिक्का असला तरी टिपणीखाली प्रत्येकाची आद्याक्षरे असतातच. सर्व्हरच्या नोंदवहीत मात्र पाठविलेले नाव तेवढे उमटते. चौघांनी एकच नाव वापरले, तर चौकशीच्या वेळी कोणाला विचारावयाचे? अधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी साहाय्यकाच्या खणात पडलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. परंतु तो कोणी वापरला हेच कळेनासे झाले, तर कलम लावणार कोणाला?

शेवटी पाच जणांची पाच नावे मागवून घेतली. त्यांतील एकाची पुढे बदली झाली, तेव्हा त्याचे एकट्याचे खाते त्याच दिवशी बंद करता आले. उरलेल्या चौघांना पासवर्ड बदलावा लागला नाही.