पुढे केलेला घास

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. दुसऱ्या पाळीत घरी येईपर्यंत मध्यरात्र होते, मुलं झोपलेली असतात. म्हणजे रात्रीचं जेवण त्यांच्यासोबत महिन्यातून जेमतेम पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांतही मी दस्तरख्वानावर बसायचो तो उजव्या हातानं जेवत आणि डाव्या हातानं मोबाईल सरकवत.

आमच्या शिफ्टचा ग्रुप आहे. किती कास्टिंग रिजेक्ट झाल्या, मोल्डिंग लाईन का थांबली, सगळं त्यावर येतं. "कामाचं आहे," असं मी पत्नीला सांगायचो. ती म्हणायची, "त्यातलं निम्मं क्रिकेटचं असतं." खोटं नव्हतं.

धाकटा तीन वर्षांचा. अब्बांना आपल्या हातानं घास भरवायचा, हा त्याचा नवा छंद. त्या रात्री खिमा लावलेला भाकरीचा तुकडा त्यानं माझ्यापुढे धरला. "थांब," म्हणालो. त्यानं पुन्हा धरला. "थांब म्हटलं ना!" तिसऱ्यांदा त्याचा हात मोबाईलवरच टेकला. काचेवर रस्सा पसरला आणि मी त्याच्या हातावर फटका मारला.

त्यानंतर मी आधी मोबाईल पुसला. त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो अम्मीच्या कुशीत शिरला होता. पुढे कितीतरी दिवस त्यानं मला घास दिला नाही.

त्या दिवसांत एक हदीस सारखी आठवत राहिली. हजरत उमर बिन अबी सलमा (रजि.) लहानपणी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या छायेखाली वाढत होते. जेवताना त्यांचा हात ताटभर फिरायचा. प्रेषितांनी (स.) त्यांना समजावलं, की अल्लाहचं नाव घे, उजव्या हातानं खा आणि आपल्या समोरचं खा. ही हदीस आपण मुलांना शिकवतो. मला तिच्यात बापासाठीचा धडा दिसला. साऱ्या उम्मतची काळजी वाहणाऱ्या प्रेषितांना (स.) एका लेकराचा हात कुठे फिरतोय हे दिसलं, कारण ते त्याच्यासोबत जेवत होते आणि त्यांचं लक्ष त्याच्याकडे होतं. मीही लेकराच्या हाताकडे पाहिलं होतं, पण मारण्यापुरतंच.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात झाली. आपल्याला तर ही शिस्त नवी नाही. मशिदीत शिरताना आपण फोन गप्प करतोच. दस्तरख्वान पसरल्यावर का करू नये?

आता जेवणाआधी माझा फोन डब्याच्या पिशवीत जातो. सहकाऱ्यांना सांगून ठेवलंय, लाईन बंद पडली तर मेसेज नको, सरळ फोन करा. तसा फोन आलाच तर मुलांना सांगून उठतो, बाहेर बोलतो आणि परत येऊन बसतो. पहिले काही दिवस हात आपोआप खिशाकडे जायचा. महिनाभरात फोन आले फक्त दोन.

परवा धाकट्यानं पुन्हा घास पुढे केला. मी लगेच तोंड उघडलं. त्यानं हात मागे घेतला.

"अब्बा, आधी बिस्मिल्लाह."