ताशी शून्य किलोमीटर

संपादकांची अट सोपी होती: समीकरण एकही नको, आणि गाडी हवेत कशी तरंगते ते सगळ्यांना कळलं पाहिजे. प्रस्तुत लेखकाची उमेदीची वर्षं विद्युतचुंबकांच्या प्रवाहावर ताबा ठेवण्यात गेली. तरंगण्याचं कौतुक संपतं तिथे त्याचा विषय सुरू होतो, त्यामुळे ही अट त्याला जाचकच वाटली.

आधी एक गैरसमज. सजातीय ध्रुव एकमेकांना ढकलतात, हे शाळेत शिकलेलं सांगून लोक मॅग्लेव्ह, म्हणजे चुंबकांच्या जोरावर तरंगणारी गाडी, उलगडून दाखवतात. शांघायच्या गाडीत मात्र उचलण्याचं काम आकर्षणाचं आहे. गाडीचे हात मार्गाच्या कडेखाली वळलेले असतात. त्यांतली चुंबकं वरच्या लोखंडाकडे ओढली जातात आणि गाडीला सोबत उचलतात. मधली फट सुमारे १० मिलिमीटर.

आता अडचण बघा. प्रवाह तेवढाच ठेवला आणि फट १० ची ९ झाली, तर ओढ सुमारे २३ टक्क्यांनी वाढते; ११ झाली तर सुमारे १७ टक्क्यांनी घटते. म्हणजे जवळ गेलेलं चुंबक आणखी जवळ जातं, खाली सरकलेलं आणखी खाली. एका मिलिमीटरची चूक सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत अख्खी फट गिळते. नुसत्या स्थिर चुंबकांच्या ओढाताणीवर वस्तू अधांतरी टिकत नाही, हे सॅम्युअल अर्नशॉ यांच्या १८४२ च्या सिद्धांतातूनच निघतं. हेर्मान केम्पर यांना अशा तरंगत्या गाडीचं पेटंट जर्मनीत मिळालं १९३४ मध्ये, पण एवढ्या चपळाईने प्रवाह कमी-जास्त करणारी इलेक्ट्रॉनिक साधनं यायला पुढची काही दशकं जावी लागली. मग म्युनिकच्या परिसरातल्या एमबीबी कंपनीत एव्हेलिन गॉटझाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'चुंबकीय चाक' ही कल्पना राबवली: प्रत्येक चुंबकाला स्वतःचा कंट्रोलर, शेजारी बिघडला तरी बाकीचे गाडी पेलणार. १९९३ मध्ये वेर्नर फॉन सीमेन्स रिंग हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. आपल्याकडे हे नाव अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसतं.

कंट्रोलरला दोन गोष्टी कळाव्या लागतात: फट किती आणि ती किती वेगाने बदलते. फटीचा सेन्सर वरच्या लोखंडाकडे बघतो. पण ते लोखंड सपाट नसतं, त्याला दात आणि खाचा असतात, दोन तुकड्यांमध्ये सांधा असतो. सांधा आला की सेन्सरला वाटतं, फट एकदम वाढली. त्याचं ऐकून प्रवाह वाढवला तर धक्का ठरलेलाच. म्हणून एकाहून जास्त सेन्सर लावतात आणि जोडीला त्वरणमापक, ज्याला सांध्याचं काही देणंघेणं नसतं. मार्गाचे लांब चढउतार गाडीने पाळायचे, बारीक खडबड मात्र सोडून द्यायची. ही सीमारेषा कुठे आखायची, यावर आयुष्यं गेली आहेत.

आणि इथून प्रस्तुत लेखकाचं आवडतं भांडण सुरू होतं. गाडी ताशी ४३१ किलोमीटर वेगाने धावली, तर मार्ग पेलणारा २५ मीटरचा गर्डर ती सेकंदाच्या पाचव्या भागात ओलांडते; गर्डरला झुलायला सवडच मिळत नाही. तीच गाडी स्थानकात तरंगत उभी राहिली, की तेच चुंबक त्याच गर्डरला ओढत बसतं. गर्डर किंचित लवतो, सेन्सर ते टिपतो, कंट्रोलर प्रवाह बदलतो, आणि ताल चुकीचा जुळला तर झोक्याला प्रत्येक खेपेस नेमक्या क्षणी हात लागावा तशी गर्डरला ऊर्जा मिळत जाते. वेगात मऊ चालणारी गाडी थांबल्यावर थरथरते. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या ओल्ड डोमिनियन विद्यापीठाच्या आवारातला मॅग्लेव्ह प्रकल्प २००२ च्या सुमारास कंपनांपाशीच अडखळला.

दोष कुणाचा? स्थापत्यवाले म्हणतात, गर्डर भार पेलतो, कंट्रोलर सुधारा. नियंत्रणवाल्यांचं म्हणणं, गर्डर ताठ करा. ताठ गर्डर म्हणजे जास्त काँक्रीट, आणि अशा प्रकल्पात पैसा जातो तो मुख्यतः मार्गावर. गंमत म्हणजे सल्ला कायम दुसऱ्याच्या अंदाजपत्रकाला दिलेला असतो.

हे प्रकरण पुन्हा डोक्यात शिरलं ते अलीकडे एका महाविद्यालयात प्रकल्पाचं मूल्यमापन करताना. मुलांचं चुंबक प्रयोगशाळेच्या जड लोखंडी बाकावर छान तरंगत होतं. सादरीकरणासाठी मांडणी हलक्या अॅल्युमिनियमच्या टेबलावर नेली आणि ते गुणगुणू लागलं, मग खडखडू लागलं. एका मुलीने वरच्या पट्टीवर तळहात दाबला, आवाज बंद. हात काढला, पुन्हा सुरू. दुसऱ्या परीक्षकाने 'कंट्रोलरचा गेन नीट लावलेला नाही' असा शेरा देऊन गुण कापले. त्या मुलीने तळहाताने अचूक निदान केलं होतं, हे त्यांना पटवण्यात दुपार गेली. गुण काही वाढले नाहीत.

'जपानला कंट्रोलर लागतच नाही' असंही ऐकवलं जातं. यामानाशीत २१ एप्रिल २०१५ रोजी ताशी ६०३ किलोमीटर गाठणारी गाडी अतिसंवाहक चुंबकांवर, सुमारे १० सेंटिमीटर उंच तरंगते, आणि तिचं तरंगणं मुळातच स्थिर आहे, हे खरं. पण सुरू झालेलं डोलणं आपोआप फारसं विरत नाही, ते शमवावं लागतं. आणि कमी वेगात ती रबरी चाकांवर चालते. तिने उभ्याने तरंगण्याचा प्रश्न सोडवला नाही, टाळला. असाच एक गैरसमज अपघाताबद्दलचा: २२ सप्टेंबर २००६ रोजी जर्मनीत लाथेनजवळ मॅग्लेव्हच्या अपघातात २३ माणसं गेली, तेव्हाही बोल मॅग्लेव्हला लागला. तिथे चाचणीमार्गावर देखभालीचं वाहन उभं असताना गाडी सोडली गेली होती. चुंबकं आपलं काम चोख करत होती.

आपल्याकडेही पुणे–मुंबई हायपरलूपची, म्हणजे नळीतून तरंगत धावणाऱ्या गाडीची, २०१८ मध्ये चर्चा होती, तेव्हा व्याख्यानांनंतर एकच प्रश्न यायचा: किती मिनिटं? दोन खांबांमधलं अंतर किती, हे कुणीच विचारलं नाही. पुढे तो प्रस्ताव मांडणारी कंपनी २०२३ च्या अखेरीस बंद पडली. पुन्हा असा प्रस्ताव आला, तर निविदेत गर्डर आणि कंट्रोलर एकाच कंत्राटात घाला, एवढीच प्रस्तुत लेखकाची मागणी आहे. निदान भांडण एका छपराखाली होईल.