शकुंतलेचीं छायाचित्रें

यवतमाळच्या माणसाला आगगाडी गांठावयाची तर एके काळीं २९ मैलांची सडक तुडवून धामणगांवास जावें लागे. कापसाच्या गाड्याही त्याच वाटेनें मुंबई–नागपूर लाइनीवर पोंचत. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत हें चित्र पालटलें. किलिक निक्सन या पेढीनें पुढाकार घेतला, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी राहिली, आणि यवतमाळहून दारव्हा, कारंजा करीत मूर्तिजापुरास व तेथून पुढें अचलपुरास जाणारी अरुंद लाइन तयार झाली. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर. वऱ्हाडांत हिला कंपनीच्या नांवानें कोणी ओळखीत नाहीं. ती सर्वांची शकुंतला. या शतकाच्या दुसऱ्या दशकांत यवतमाळची शकुंतला थांबली. आज तिच्याविषयीं लिहावयाचें कारण, तिचें जें कांहीं अजून उभें आहे त्याचीं छायाचित्रें कोणी आणि कशीं घ्यावींत, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

आगगाडीचीं छायाचित्रें घेण्याचा छंद आपल्याकडे पोरकट समजला जातो. जपानांत तसें नाहीं. तेथें अशा छांदिष्टांना 'तोरि-तेत्सु' असें स्वतंत्र नांवच आहे. 'तोरि' म्हणजे छायाचित्र टिपणें आणि 'तेत्सु' म्हणजे लोखंड, अर्थात् लोहमार्ग. एखादी जुनी गाडी शेवटची धांवणार असली कीं हे लोक शेंकड्यांनीं जमतात; क्वचित् रुळांवर उतरून स्टेशनवाल्यांना त्रासही देतात, तो भाग मुळींच अनुकरणीय नाहीं. परंतु त्यांची दृष्टि घेण्याजोगी आहे. एंजिनाइतकेंच त्यांचें लक्ष सिग्नलाच्या केबिनीकडे, ट्रामच्या थांब्याकडे, आणि बोट रोखून मोठ्यानें सिग्नल उच्चारणाऱ्या चालकाकडेही असतें. ही बोट रोखण्याची पद्धत तेथील रेल्वेची जुनी शिस्त आहे.

आणखी एक गोष्ट वाचकांस नवल वाटेल. शकुंतलेच्या दोन रुळांमधील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. नेमक्या याच मापाच्या लाइनी जपानांत अद्यापि चालतात. कुरोबेच्या दरींत एक आहे, योक्काइचि शहरांत दुसरी आहे. योक्काइचिची लाइन परवडत नाहीं म्हणून मालक कंपनी ती बंद करून त्या जागीं बस चालविण्याच्या विचारांत होती. २०१५ सालीं नगरपालिकेनें भार उचलून ती नव्या कंपनीमार्फत चालूं ठेवली. अर्थात् अरुंद रूळ म्हणजे मेलेले रूळ, असा कांहीं सृष्टिनियम नाहीं.

आमच्या पाहण्यांत आलेल्या शकुंतलेच्या चित्रांपैकीं बहुतेक एंजिनाचीं आहेत. तें साहजिकच होय. १९२१ सालीं मँचेस्टरांत बांधलेलें तें वाफेचें एंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबलें. त्यानंतर डिझेल आलें. वऱ्हाडचा कापूस ज्या गिरण्यांच्या भुकेपायीं ही लाइन झाली, त्या गिरण्यांचें गांव मँचेस्टरच, आणि एंजिनही तेथलेंच. असो. पण एंजिन म्हणजे लाइन नव्हे. देशांतील रेल्वे राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या तेव्हां ही एक कंपनीकडे राहिली आणि गाड्या मात्र कराराप्रमाणें मध्य रेल्वेनें चालविल्या. या दुहेरी संसाराचें फळ असें कीं, तिच्यावर खर्च कोणी करावा हें कधींच नीट ठरलें नाहीं. शेवटच्या वर्षांत गाडीबरोबरचीं चार-सहा माणसेंच सगळा कारभार पाहत. तिकिटें देणें, एंजिन सोडणें-जोडणें, सिग्नल पाडणें, निशाण दाखविणें हीं कामें त्यांचीच. जपानी छांदिष्ट ज्या केबिनीचें चित्र घेतो, तिचें काम येथें गाडीबरोबर चालणारा माणूस करी. त्याचें चित्र मात्र दुर्मिळ आहे.

तें आतां कोठें मिळेल? आमच्या मतें घरोघरच्या जुन्या आल्बमांत. कारंज्याचें लग्न आटोपून परतणारें वऱ्हाड, सुटींत आजोळीं निघालेलीं मुलें, अशीं चित्रें पुष्कळ घरांत असतील. त्यांत मागें फलाटाचा कठडा, तिकिटाची खिडकी किंवा निशाण घेतलेला गार्ड चुकून आलेला असतो. घरांतील वडील मंडळींकडून त्या चित्रांच्या पाठीवर स्टेशनाचें नांव, साल आणि माणसांचीं नांवें आजच लिहून घ्यावींत. काका किंवा आत्याबाई बसल्या आहेत तोंवरच हें होणार आहे. पुढल्या पिढीला त्या चित्रांत केवळ एक अनोळखी डबा दिसेल.

ज्यांना प्रत्यक्ष जावयाचें आहे त्यांच्यासाठीं दोन शब्द. ऊन्ह वर चढलें कीं वऱ्हाडांतील उजेड पांढराफटक होतो. काळी जमीन, गंजलेले रूळ आणि लखलखतें आकाश हीं तिन्ही एका चित्रांत नीट येत नाहींत. खालचा भाग नुसता काळा डाग होतो. म्हणून कार्तिक-मार्गशीर्षांतील सकाळ पाहावी. तेव्हां किरणें आडवीं येतात, कपाशी फुटलेली असते, आणि ही लाइन कशासाठीं झाली हें चित्रच सांगतें. रुळाचें माप कळावें म्हणून शेजारीं माणूस उभा करावा. नुसत्या रुळावरून अडीच फूट कीं साडेपांच फूट हें उमगत नाहीं. छोट्या पुलांच्या मोऱ्या, मैलाचे दगड, सिग्नलचे खांब, स्टेशनाच्या पाट्या यांना सोडूं नये. दारव्ह्याच्या स्टेशनाचें 'मोतीबाग' हें नांवच टिपण्याजोगें आहे. रेल्वेच्या आवारांत मात्र परवानगी घेऊनच पाऊल टाकावें.

घाई करण्यास कारण आहे. ही लाइन रुंद करण्याच्या घोषणा झालेल्या आहेत; आणि रुंदीकरण झालें तर नवे पूल, नवे फलाट येतील, जुन्यांची गय होणार नाहीं. आम्ही रुंदीकरणाच्या विरुद्ध नाहीं. पांढरकवडा, पुसदकडील माणसाला दवाखान्यासाठीं नागपूर गांठतांना काय यातायात पडते हें ज्याला ठाऊक आहे, तो केवळ चित्रासाठीं जुनी गाडी मागणार नाहीं. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मोठ्या लाइनीचा वर्धा ते कळंब हा भाग २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं सुरूही झाला. कळंबास जाल तेव्हां तेथल्याही कोऱ्या फलाटाचें एक चित्र घ्यावें, आणि पाठीवर तारीख घालावी.