धाम नदीच्या पुलावर



दशलक्षण पर्वानंतर माझं लिहिणं थांबलं होतं. कारण आज सांगते. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी नोकरीसाठी मुलाखती द्यायला लागले आहे.

आमचं कापडाचं दुकान दोन वर्षांपासून मंदच आहे. मुलगी बारावीत, म्हणजे पुढे फीचा प्रश्न. लग्नाआधी मी बी.कॉम. होऊन तीन वर्षं एका सीएंकडे काम केलं होतं. त्या भरवशावर अर्ज केला आणि वर्ध्यातच पहिलं बोलावणं आलं.

रात्रभर झोप नाही, सकाळी घशाखाली घास उतरेना. समोर तिघं बसलेले. पहिलाच प्रश्न आला, "मधली इतकी वर्षं काय केलं?" जीभ टाळूला चिकटली. कसंबसं म्हणाले, "काही नाही, घरीच होते."

ती जागा गेली, त्याचं दुःख दोन दिवसांत ओसरलं. "काही नाही" हा शब्द मात्र टोचत राहिला. दुकानाची वही मीच लिहिते, जीएसटीचे आकडे मीच काढते. चातुर्मासात संघ आला तेव्हा चौक्याच्या खर्चाचा पै-पैचा हिशेब माझ्याकडे होता. मग मी "काही नाही" कसं म्हटलं? सत्याचं अणुव्रत आपण पाळतो ते इतरांशी बोलताना. त्या दिवशी भीतीपोटी मी स्वतःबद्दलच खोटं बोलून आले होते.

पुढचं बोलावणं सेलूहून आलं. तारीख जवळ येऊ लागली तसे हात पुन्हा गार पडू लागले. सासूबाईंनी ते पाहिलं. म्हणाल्या, "रविवारी पवनारला जाऊन येऊ व बाई. चार घटका नदीकाठी बसू."

पवनारचा आश्रम आपल्याला परका नाही. 'समणसुत्तं' हा सर्व संप्रदायांना मान्य असा ग्रंथ विनोबाजींच्या आग्रहातून, जिनेंद्र वर्णीजींच्या परिश्रमातून झाला. नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबाजींनी अन्न, पाणी, औषध सोडून देह ठेवला तोही पवनारलाच, महावीरस्वामींच्या निर्वाणदिनी, दिवाळीला.

धामच्या काठी पायऱ्यांवर बसल्यावर आईंनी एक गोष्ट सांगितली. १९३८ साली विनोबाजींची प्रकृती इतकी खालावली होती की वजन ८८ पौंडांवर, म्हणजे चाळीस किलोवर आलं होतं. गांधीजींनी थंड हवेच्या ठिकाणी जायला सांगितलं. विनोबाजींनी पवनार निवडलं, जमनालालजींचा बंगला. गाडी धामच्या पुलावर आली तेव्हा त्यांनी 'मी सोडलं' असं मनाशी तीनदा म्हटलं आणि आश्रमाच्या कामाची सगळी काळजी पुलापलीकडे ठेवली. इथे येऊन ते रोज थोडी जमीन खोदत. आधी अगदी थोडा वेळ, मग हळूहळू वाढवत. काही महिन्यांत अंगावर मांस चढलं.

तेव्हा त्यांचं वय बेचाळीस. माझ्याएवढंच!

आई म्हणाल्या, "तुझं काय आहे आणि तुझं काय नाही, ते पुलावर वेगळं कर." घरी येऊन मी तेच केलं. तयारी माझी. बोलणं माझं. निवड त्यांची, आणि त्यामागे माझा कर्मोदय. आपण स्वाध्यायात हेच वाचतो, पण स्वतःवर वेळ आली की विसरतो.

मग मीही रोज थोडं खोदायला घेतलं. सामायिक झाल्यावर पाच मिनिटं आरशासमोर मोठ्याने बोलायचं. इतक्या वर्षांत काय केलं, ते आकड्यांसकट. पहिल्या दिवशी दोन वाक्यांत थांबले. दहाव्या दिवशी दहा मिनिटं बोलले. मुलगी खुर्चीत बसून प्रश्न विचारायची, तेही अगदी कडक चेहऱ्याने!

आदल्या दिवशी कागद एका पिशवीत लावून ठेवले. सूर्यास्ताआधी नेहमीसारखं जेवण, आणि रात्री नवीन काही वाचायचं नाही हे ठरवलेलं. सकाळी घास उतरणार नाही हे माहीत होतं, म्हणून दशम्या आणि गाळलेलं पाणी बरोबर घेतलं. भुकेल्या पोटी हात जास्त थरथरतात.

एसटी पवनारच्या पुलावर आली. खाली धामचे खडक दिसले. मनात म्हटलं, नोकरी मिळेल की नाही हे इथे ठेवलं. एकदा म्हणून भागलं नाही, तीनदा म्हणावं लागलं.

तिथे बाकावर बसून एक कायोत्सर्ग केला. नऊ वेळा णमोकार, सत्तावीस श्वासोच्छ्वास. एका मंत्राला तीन श्वास. आपण रोज करतो तोच, पण त्या दिवशी कळलं की श्वास लांबला की छातीतली धडधडही मंदावते. तळव्यांना घाम होताच. तो असू दिला.

तोच प्रश्न आला. या वेळी मी वही, जीएसटी, चौका, सगळं सांगितलं. एका नव्या संगणक प्रणालीबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, "हे मला येत नाही, पण शिकेन." ते म्हणताना लाज वाटली नाही, याचं मलाच नवल वाटलं.

मैत्रिणींनो, ती जागा मला मिळाली नाही. ती प्रणाली येणारी एक मुलगी त्यांनी घेतली, आणि ते योग्यच होतं. त्या रात्री मी रडले नाही. वाईट वाटलं, पण झोप लागली. आता मुलगी मला मोबाईलवर ती प्रणाली शिकवते आहे, आणि पुढच्या बुधवारी तिसरं बोलावणं आहे.

भीती गेली का? नाही. आज लिहितानाही पोटात गोळा आहे. पण आता ती मला खोटं बोलायला लावत नाही, इतकं पुरे आहे.

तुमच्यापैकी कुणी इतक्या वर्षांनी अर्ज भरत असेल, तर "काही नाही" हा शब्द आधी खोडा. घरात केलेलं प्रत्येक काम एका कागदावर लिहा. कागद पुरणार नाही, बघा.

जय जिनेंद्र.