मेज कोणत्या खात्यावर?

गेली कित्येक वर्षे मी घराचा जमाखर्च एकाच प्रकारच्या लांबट वहीत लिहीत आलो आहे. टपाल खात्यातील नोकरीने लावलेली ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. किराणा, दूध, वीज, औषधे, हिची देखभाल करणाऱ्या मावशींचा पगार, आहेर, किरकोळ, अशी ठरलेली खाती आहेत. गेल्या वर्षी एक रक्कम अशी आली, की ती यांपैकी कुठेच बसेना. पाचशेच्या आतबाहेरची होती. खरेदी करायचे होते एक मेज, आणि ते आमच्या घरात कधीच येणार नव्हते.

हिला तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजते सगळे, परंतु शब्द ओठांपर्यंत पोहोचत नाही. तेव्हापासून माझे जग दोन खोल्या आणि एक गॅलरी एवढे आहे. मुलगा, सून आणि चौदा वर्षांची नात मेलबर्नला असतात. व्हिडिओ कॉल नियमित होतो, पण त्यात बोलावे लागते, हीच त्याची अडचण. ‘जेवलात का? औषध घेतले का? आजी कशी आहे?’ हे तीन प्रश्न संपले की दोन्हीकडची माणसे पडद्याकडे पाहून हसत राहतात. चौदा वर्षांच्या मुलीने एकाहत्तर वर्षांच्या माणसाला रोज नवे काय सांगावे?

मागल्या सुट्टीत ती आली असता तिने माझ्या टॅबवर ‘स्काय: चिल्ड्रन ऑफ द लाइट’ नावाचा खेळ उतरवून दिला. 2019 साली तो प्रथम आयफोनसाठी आला आणि पुढल्या वर्षी अँड्रॉइडवर. खेळायला पैसे पडत नाहीत. त्यात मारामारी जवळजवळ नाही. ढगांवरून उडायचे, विझलेल्या मेणबत्त्या पेटवायच्या, वाटेत भेटलेल्यांना साहाय्य करायचे. अनोळखी माणूस प्रथम करड्या सावलीसारखा दिसतो. दोघांनी एकमेकांच्या ज्योती उजळल्यावर त्याचे रूप दिसू लागते. मला सर्वांत भावली ती एक सोय. दुसऱ्याचा हात धरला की तो नेईल तिकडे आपण आपोआप उडत जातो. माझी बोटे काचेवर अडखळतात. हिने हात धरला की अडखळण्याचा प्रश्नच उरत नाही. दुपारी ही झोपली की तासभर नात मला हात धरून हिंडवते. तिच्याकडे तेव्हा संध्याकाळ असते. बोलणे फारसे होत नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही.

एके दिवशी तिने निरोप धाडला, “आजोबा, एक टेबल आलंय. मांडलं की आपण समोरासमोर बसून लिहू शकतो. तुम्ही घेतलंत तर मला घ्यावं लागणार नाही.”

या शेवटच्या वाक्याने मी विचारात पडलो. या खेळात विकत मिळणाऱ्या वस्तू दोन जातींच्या आहेत. एक आपल्या अंगावरच्या, म्हणजे झगे, मुखवटे, केसांच्या रचना. दुसऱ्या मांडून ठेवायच्या, ज्यांवर कोणीही येऊन बसावे. पैसे एकाने मोजायचे, बसायचे सगळ्यांनी. पैठणी आणि सतरंजी यांत जो भेद, तोच हा. आमच्या जुन्या वाड्यात एका बिऱ्हाडाकडे मोठे पातेले होते. ते वर्षभर दहा घरांच्या मुंजी-बारशांत फिरे. त्याची किंमत कोणी त्याच्या पितळेच्या वजनावरून केली नाही.

तरी हिशेबी मन गप्प बसेना. पातेले फुटले तर मोड विकता येते. हे मेज पुन्हा विकता येत नाही, कोणाच्या नावे करता येत नाही. आपण तिथून निघालो की तेही नाहीसे होते, आणि उद्या कंपनीने खेळच बंद केला तर दाद कुठे मागणार? तेवढ्या पैशांत माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर येतात. शिवाय अशा वस्तू ‘थोडेच दिवस उपलब्ध’ म्हणून मांडतात. ही घाई मला मुळीच आवडत नाही. विमा गळ्यात मारणाऱ्यांची भाषा अशीच असते.

मग मला आमच्या बागेतला सिमेंटचा बाक आठवला. पाठीवर रंगाने ‘कै.’ आणि पुढे कोणाचे तरी नाव, ‘यांच्या स्मरणार्थ’. त्या बाकावर मी पंधरा वर्षे बसलो. ते नाव आज मला सांगता येणार नाही. देणाऱ्याचे पैसे वाया गेले, असे मात्र मला कधी वाटले नाही.

मेज घेतले. घेण्यापूर्वी मुलाकडून दोन गोष्टी करवून घेतल्या, त्या समवयस्कांना सांगतो. प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल अशी तजवीज केली. आणि गूगल प्लेमध्ये महिन्याचे अंदाजपत्रक घातले. मर्यादा जवळ आली की सूचना मिळते, खरेदी मात्र त्याने अडत नाही, हे ध्यानात ठेवावे. चुकून काही घेतले गेले तर 48 तासांच्या आत परताव्याची विनंती करता येते. आणखी एक: पैसे लावून पैसे जिंकण्याचे जे खेळ, ज्यांवर 2025 साली कायद्याने बंदी आली, ते वेगळे. इथे गेलेला पैसा परत येण्याचे आमिषच नाही. तो खर्च आहे, आणि खर्च म्हणूनच त्याच्याकडे पाहावे.

पहिल्या आठवड्यात आम्ही रोज मेज मांडले. मग तिची परीक्षा आली. मी एकटाच मांडून बसू लागलो. कधी करड्या सावल्या येऊन टेकत, वाकून नमस्कार करीत, उडून जात. खरे सांगायचे तर त्या दिवसांत पैसे फुकट गेल्यासारखे वाटले. सावल्यांसाठी मी ते घेतले नव्हते.

परीक्षेनंतर एका दुपारी ही जागी होती. उशी लावून तिला बसते केले आणि टॅब पुढे धरला. नात समोर बसली होती. तिने लिहिलेले मी मोठ्याने वाचून दाखवीत होतो. हिने डावा हात उचलला, मेजावर बोट टेकवले आणि म्हणाली, “चहा.”

गेल्या कित्येक महिन्यांत न आलेला तो शब्द होता. तिला चहा हवा होता, की त्या मेजावर चहा नाही हे तिच्या लक्षात आले होते, हे मला समजले नाही. मी दोन कप केले. खेळाने वाचा परत आणली, असा अर्थ कृपया कोणी घेऊ नये. दुसऱ्या दिवशी तो शब्द पुन्हा आला नाही. तिच्यावर वाचाउपचार चालूच आहेत, त्यांचे श्रेय त्यांना.

पुढे नातीने झगा मागितला. मी नकार दिला. झग्यावर आम्ही दोघे बसू शकत नव्हतो. दोन दिवस ती रुसली. तिसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, “आजोबा, टेबल मांडा.”

वहीत ती रक्कम प्रथम ‘किरकोळ’मध्ये लिहिली होती. नंतर खोडून ‘आहेर’मध्ये नेली. आता तिथेही खाडाखोड आहे, आणि पान वाचवत नाही. असो. बारा वाजून गेले. नात खेळात यायच्या आत हिची पेज गाळायची आहे.