वढ्यात घाल!

वेल्ह्यातल्या माझ्या वर्गातल्या पोरांना 'रबोना' माहीत होता, थ्रो-इन माहीत नव्हता. मोबाइलवरच्या फुटबॉलच्या गेममध्ये इंग्रजी समालोचक जे जे ओरडतो ते त्यांना तोंडपाठ. 'टॉप कॉर्नर' पाठ, 'व्हॉट अ सेव्ह' पाठ, एक पाय दुसऱ्याच्या मागून घालून चेंडू मारायच्या त्या नखऱ्याचं नावही पाठ. खरा चेंडू मात्र शाळेच्या कपाटात. २०१७ साली सतरा वर्षांखालच्यांचा विश्वचषक भारतात भरला. त्याच्या आधी, १५ सप्टेंबरला, राज्य सरकारने 'मिशन वन मिलियन' म्हणून दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवायचा घाट घातला आणि शाळांना चेंडू वाटले. मी इथे नोकरीला आलो तेव्हा त्यातला एक, हवा गेलेला, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे सापडला.

मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. आमच्याकडे फुटबॉल तालमींचा. ज्या तालमींनी पैलवान घडवले त्यांचेच संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि पायऱ्यांवर बसलेला प्रत्येक जण स्वतःला प्रशिक्षक समजतो. 'सोड की बॉल!', 'भावा, मागं हाय!', 'एकटाच खेळतोय काय रं?' हे ऐकत मी मोठा झालो. त्या विश्वचषकात भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, त्यामुळे आमच्या गावाला फुटबॉल समजावून सांगावा लागत नाही. वेल्ह्यात समजावून सांगावा लागणार होता, आणि कुठल्या भाषेत सांगायचा हा पहिला प्रश्न होता.

सरकारदरबारी आता तालुक्याचं नाव राजगड झालंय, पण एसटीतली पोरं अजून वेल्हेच म्हणतात. गावाच्या डोक्यावर तोरणा. सपाट जमीन म्हणाल तर भाताची खाचरं, आणि तीही पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी. पावसाळ्यात तिथे गुडघाभर चिखल, त्यामुळे आमचा हंगाम कापणीनंतर सुरू व्हायचा. कापलेल्या भाताचे बुडखे पायाला टोचतात, ते आधी कुदळीने काढायचे. नियमांच्या पुस्तकात मैदान किमान नव्वद मीटर लांब सांगितलंय. आमचं खाचर त्याच्या निम्मंही नव्हतं. बाजूच्या रेषा आखायची गरज नव्हती, बांध होते. एका अंगाला बांधापलीकडे उतार आणि उताराखाली ओढा.

या ओढ्याने आमचा अर्धा फुटबॉल शिकवला. गोलसमोर गर्दी झाली, काही सुचेना, की बचावातला कुणीतरी ओरडायचा, 'वढ्यात घाल!' इंग्लंडमध्ये याच वेळी 'रो झेड' म्हणतात, म्हणजे चेंडू प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेत भिरकावून दे. तिथे तो परत आणायला चेंडू गोळा करणारी पोरं असतात. आमच्याकडे ज्याने घातला त्यानेच उतरून आणायचा असा कायदा, आणि तो पोरांनीच केलेला. परिणाम असा झाला की महिनाभरात लांब लाथ मारणं आपोआप कमी झालं. खाली उतरायचा कंटाळा म्हणून पोरं जवळच्या जवळ पास देऊ लागली. मोठ्या अकादम्यांमध्ये जमिनीवरून खेळायला शिकवायला किती खटाटोप करतात ते मला ठाऊक आहे. इथे ते काम ओढ्याने फुकटात केलं.

खरी अडचण 'मागं'ची झाली. कोल्हापुरात 'मागं हाय' म्हटलं की पाठीवर समोरच्या संघाचा गडी आलाय, सावध हो. मी तेच शिकवलं. पण धावताना 'हाय' कोण म्हणणार? उरलं नुसतं 'मागं!' आणि वेल्ह्याच्या पोराला 'मागं' म्हटलं की तो चेंडू मागे द्यायचा, तोही थेट आपल्या गोलीकडे. मध्ये समोरचा आलेला असायचा, तो आयता चेंडू घेऊन निघायचा. इंग्रजीत यासाठी 'मॅन ऑन' आणि 'बॅक' अशा दोन आरोळ्या आहेत. 'मॅन ऑन' मी वापरून पाहिलं. पोरं हसली आणि एकमेकांना दिवसभर 'मेन मेन' म्हणत हिंडली. शेवटी एका सहावीतल्या पोरीने निकाल लावला. ती गुरं राखायची आणि बैल अंगावर आला की जे ओरडतात तेच ओरडली, 'आला!' त्यानंतर 'आला' म्हणजे गडी आला, 'मागं' म्हणजे मागे दे. घोटाळा संपला. (पोरी खेळतात यावर सुरुवातीला गावात थोडी कुरकुर झाली, तीच पोरगी गोलात उभी राहायला लागल्यावर थांबली.)

ऑफसाइडची मला धास्ती होती. कोल्हापुरात चाळीस वर्षं सामने पाहिलेले लोकही त्यावर भांडतात. नियम थोडक्यात असा: आपल्या गड्याने चेंडू मारला त्या क्षणी तुम्ही समोरच्यांच्या अर्ध्यात, चेंडूच्या पुढे आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या गड्याच्याही पुढे असाल, आणि मग खेळात भाग घेतलात, तर ऑफसाइड. १९२५ पर्यंत हा हिशेब शेवटून तिसऱ्या गड्याचा होता. मात्र थ्रो-इन, कॉर्नर आणि गोलकिकवरून आलेल्या चेंडूला ऑफसाइड नाही. फळ्यावर काढलेले गोल आणि बाण पाहून वर्ग जांभया द्यायला लागला.

पण ही पोरं कबड्डीची. पहिल्या दिवशी बचावात उभं केलं तर चौघांनी हात धरून साखळी केली होती. मी तेव्हा हात सोडवले होते, आता परत धरायला लावले. हात धरूनच चौघांनी पुढे यायचं, हात धरूनच मागे जायचं; समोरचा साखळीच्या मागे एकटा राहिला की तो ऑफसाइड. मग हात सोडले, तरी चौघं एका रेषेत हलायला लागली. चेंडू पुढे गेला की गोलातून ती पोरगी ओरडायची, 'साखळी वर!' इंग्रजी प्रशिक्षक 'पुश अप' म्हणतात ते हेच. कबड्डीतून आलेला शब्द फुटबॉलला उपरा आहे असं मला अजिबात वाटत नाही. इंग्रजांनी हॅट-ट्रिक क्रिकेटमधून उचललीच की.

एक गोष्ट मात्र मुळीच समजावावी लागली नाही. २००४ मध्ये चेल्सीचे प्रशिक्षक जोझे मोरिन्यो टॉटनहॅमशी गोलशून्य बरोबरी झाल्यावर वैतागून म्हणाले होते, समोरच्यांनी बस आणली आणि गोलपुढे उभी केली. तेव्हापासून सगळेच्या सगळे बचावाला उभे राहिले की 'पार्क द बस' म्हणतात. पोरांना हे सांगताच मागच्या बाकावरून आवाज आला, 'म्हंजी मुक्कामी यष्टी, सर!' रात्री येऊन उभी राहते ती सकाळपर्यंत हलत नाही.

पुढे आम्ही भोरला एका शाळेशी खेळायला गेलो. वेल्ह्याहून मार्गासनी, नसरापूर, चेलाडी फाटा, मग कापूरहोळवरून आत. भोरचं मैदान सपाट आणि चुन्याच्या रेघा मारलेलं. आमची पोरं रेघ ओलांडून चेंडू घेऊन पळतच राहिली, कारण पायाला बांध लागला नाही. अर्धा सामना थ्रो-इन देण्यात गेला. तरी एक गोल आमचा झाला, आणि तो समोरच्या गड्याच्या दोन पायांमधून चेंडू काढून झाला. त्याला पोरांनी तिथल्या तिथे 'कात्रजचा बोगदा' नाव दिलं. भोरच्या पोरांनाही ते लगेच कळलं. पुण्याला जायचं तर सगळ्यांना तोच रस्ता.

मग पुण्यातली एक आंतरशालेय स्पर्धा. आम्ही एका गोलने मागे होतो. समोरच्या बचावातल्या गड्याने आपल्या गोलीला पायाने पास दिला आणि गोलीने तो हातात घेतला. १९९२ पासून याला बंदी आहे. पंचांनी शिट्टी फुंकली, एक हात सरळ वर धरला आणि तोंडातल्या तोंडात 'इनडायरेक्ट' म्हणाले. चेंडू गोलपासून चार-पाच पावलांवर. आमच्या आठवीतल्या पोराने जीव खाऊन मारला, भिंत करून उभ्या असलेल्यांच्या फटीतून थेट जाळीत. सगळी पोरं मिठ्या मारत पळाली. पंचांनी गोलकिक दिली.

निर्णय शंभर टक्के बरोबर होता. अप्रत्यक्ष फ्री किकला चेंडू आधी दुसऱ्या कुणाला तरी लागावा लागतो. थेट गोलात गेला तर गोल धरत नाहीत. वर धरलेला हात तेच सांगतो. हा नियम मी पोरांना सांगितलेला होता, पण आमच्या खाचरात गोलीने चेंडू उचलला तर शिट्टी फुंकायला कुणी नसतं, आणि तसा हात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. 'सर, ते काय मोजत व्हते का?' असं त्या पोराने परतीच्या गाडीत विचारलं. सामना आम्ही ०-१ हरलो.

म्हणून गावाकडच्या शाळांच्या सामन्यांना उभ्या राहणाऱ्या पंचांना एक विनंती. हात वर धराच, तो नियम आहे. पण त्याबरोबर दोन्ही संघांना ऐकू जाईल असं मराठीत म्हणा, 'थेट गोल नाही, आधी पास.' याला दोन सेकंद लागतात आणि नियमांचं पुस्तक त्याला कुठेही मनाई करत नाही.